कोसबाडची एक सकाळ

दिवाळीच्या सुटीत कोणी काशीस जाते, कोणी महाबळेश्वरास. मी गेले कोसबाडास. घरच्या मंडळींना याचे हसू आले. ‘तेथे पाहावयाचे तरी काय आहे?’ असे यजमानांनी विचारलेही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. एक टेकडी, थोडी झाडी आणि काही साध्या इमारती, यापलीकडे डोळ्यांना मेजवानी अशी तेथे नाही. परंतु बत्तीस वर्षे हाती खडू धरलेल्या बाईने त्या टेकडीवर एकदा जाऊन यावे, असे माझ्या मनाने फार दिवसांपासून घेतले होते. त्याला एक कारणही आहे. ते यथावकाश सांगेन.

माझी भाची डहाणूच्या बाजूस जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागली आहे. ‘मावशी, तू ये तर खरी, मी तुला वर घेऊन जाते,’ असा तिचा आग्रह चालला होताच. चर्चगेटपासून डहाणू रोड सुमारे १२४ किलोमीटर. वैतरणेची खाडी मागे पडली की गाडीच्या दोन्ही अंगांस भातखाचरे लागतात. कार्तिकात ती बहुतेक कापून झालेली असतात आणि नुसते खुंट उभे दिसतात. डहाणूहून उत्तरेस नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी किनाऱ्याची गावे ओळीने आहेत. एका बाजूस सुरूची बने व समुद्र, दुसऱ्या बाजूस चिकूच्या वाड्या. या वाड्यांतून पारशी व इराणी बागायतदारांनी पुष्कळ कष्ट घेतले, हे खरे. पण फळे उतरविणारे, आळी करणारे हात मुख्यतः वारल्यांचे, हेही वाटेने जाताना ध्यानात येते. किनारा सोडून आत वळले की चढ लागतो, आणि तोच कोसबाड.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे नाव आमच्या घरांतून अपरिचित नाही. भावनगरास गिजुभाई बधेकांसमवेत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, पुढे दादरला शिशुविहार चालविला. शहरातल्या सुखवस्तू मुलांसाठी माँटेसरीबाईंची सुबक लाकडी साधने तेथे होती. परंतु ही पद्धती खेड्यातल्या गरिबाच्या लेकराला परवडावी कशी, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्यांनी बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढले व पुण्याहून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंना बालपणीच वैधव्य आले होते. त्यांनी त्यानंतर शिक्षण पुरे केले आणि उरलेला सारा जन्म या कामास वाहिला.

बोर्डीस बाई तयार, जागा तयार, पण वस्तीतली मुले येईनात. तेव्हा या दोघींनी शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊमाखू घालावे, केस विंचरावे, गाणी म्हणावी. शंख, शिंपले, बिया, पाने हीच साधने. या अंगणवाडीचे नाव पुढे १९७५ च्या सरकारी बालविकास योजनेने देशभर नेले. पुढे केंद्र कोसबाडास आले, तेव्हा अडचण निराळी निघाली. मोठी मुलगी शाळेत यायची ती कडेवर धाकटे भावंड घेऊन. मग पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका छपराखाली आणून विकासवाडी केली. मुलगे तर येतच ना, कारण ते गुरांमागे रानात. तेव्हा शिक्षक कुरणावर गेले. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली धडा चालला आहे, अशी ती कुरणशाळा.

आता माझे कारण. १९८४ साली मी एका तालुक्याच्या गावी शिकवीत होते. चौथीच्या वर्गात गवळ्याचा एक मुलगा होता. पाटीवरची वजाबाकी त्याला काही केल्या येत नसे. हातचा घ्यावयाचा म्हटले की तो पाटीकडे असा पाहत राही, जणू ती दुसऱ्या कोणाची आहे. मी त्याला बाकावर उभे केले आहे. प्रगतिपुस्तकात ‘गणित कच्चे’ असे लिहिलेही आहे. हाच मुलगा पहाटे अकरा घरी दुधाचा रतीब घाली. आमचे घर त्यांतलेच एक. सणाला जास्त घेतलेले पावशेर, गावी गेलो ते चार दिवस, विरजणाला बदलून घेतलेले, हे सारे वजा-जमा करून तो महिनाअखेरीस उभ्याउभ्या हिशेब सांगे. यजमान कागदावर ताडून पाहत. एका पैचा फरक पडत नसे. आणि मला, त्याच्या शिक्षिकेला, दारात उभा असलेला मुलगा आणि वर्गात उभा असलेला मुलगा एकच आहे, हे कधी सुचले नाही! त्याचे खाडे फार झाले तेव्हा नियमाप्रमाणे मीच पटावरून त्याचे नाव कमी केले.

नेमक्या त्याच सुमारास ब्राझील देशातील रेसिफे शहरात काराहेर दांपत्य व श्लीमान हे तीन संशोधक बाजारात नारळ-फळे विकणाऱ्या पाच मुलांकडे गिऱ्हाईक होऊन गेले. ठेल्यावर विचारलेल्या हिशेबांपैकी शेकडा ९८ बरोबर आले. तशाच आकडेमोडीची उदाहरणे पुढे कागदावर मांडून दिली, तेव्हा शेकडा ३७ च बरोबर आली. तीच गोष्टीच्या रूपाने विचारली तेव्हा शेकडा ७४. दहा नारळांची किंमत सांगताना एक मुलगा शून्य जोडीत नसे. तीन नारळांचा भाव त्याला पाठ होता, त्यावरून तो चढत जाई. हा निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांतील मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृतींनी केलेले संशोधन २०२५ साली निघाले, त्याचाही निष्कर्ष तोच. शिवाय शाळेत तरबेज असलेल्या मुलांना बाजाराचा हिशेब तोंडी जमेना, हेही त्यात दिसले. तात्पर्य, एका बाजूचे ज्ञान आपोआप दुसरीकडे जात नाही.

सुटी असल्यामुळे कोसबाडला वर्ग बंद होते. मला ते बरेच वाटले. उतारावर नऊदहा वर्षांचा एक मुलगा शेळ्या राखीत होता. भाचीने विचारले, ‘किती रे शेळ्या?’ त्याने आकडा सांगितलाच नाही. आपल्या सात, काकाच्या चार, पलीकडच्या म्हातारीच्या तीन, असे त्याने बोट दाखवून सांगितले. म्हातारीने आपल्या नेल्या तर? अकरा. काकाने दोन विकल्या तर? नऊ. उत्तर देताना त्याने शेळ्यांवरची नजर काढली नव्हती. मग भाचीने काटकीने मातीत १४ – ५ असे लिहिले. मुलगा गप्प. पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. माझ्या पोटात कसेसेच झाले. ती पाटी मी ओळखीत होते.

भाचीने आकडे पुसले नाहीत. तिने त्यांच्याशेजारी चौदा खडे मांडले, आधी तीन, मग दोन बाजूला केले, आणि कोणाच्या शेळ्या गेल्या हे त्यालाच बोलावयास लावले. नंतर खड्यांखाली तितक्याच रेघा ओढल्या, पाच खोडल्या, आणि मग रेघांखाली आकडे. नुसते खडे-शिंपले मांडल्याने काम भागते असे समजणाऱ्या शिक्षकांनी हे पाहावयास हवे होते. प्रत्येक पायरीवर ही तीच गोष्ट आहे, हे शब्दाने बोलून दाखवावे लागते. तिसऱ्या खेपेस मुलाने आकड्यांवर बोट ठेवले आणि हसून काकाचे नाव घेतले. इतक्यात एक शेळी कुंपणात शिरली व तो धावत गेला.

उतरताना भाची म्हणाली, ‘मावशी, माझ्या वर्गातली तीन मुले भातकापणीपासून आलीच नाहीत. मुख्याध्यापक नावे कमी करू म्हणतात.’ त्या पाड्यावर सुटीनंतर आठवड्यातून दोन सकाळी जावयाचे, असे आम्ही घोलवडला गाडीची वाट पाहताना ठरविले. मुख्याध्यापकांशी कसे बोलावे तेही ठरविले.

घरी येऊन मी जुन्या गावच्या शेजारणीला पत्र टाकले आहे. तो गवळ्याचा मुलगा आता पन्नाशीचा असेल. अजून उत्तर आलेले नाही.