टाकीतला दाब

न्यू जर्सीत चेक इंजिनचा दिवा लागलेली गाडी तपासणीत पास होत नाही. म्हणून पी०४५३ कोड दिसला की लोक घाईघाईने टाकीचं झाकण बदलतात, आणि दिवा काही जात नाही. मला हे फार खटकतं. हा कोड गळतीचा नाहीच. टाकीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरचं व्होल्टेज प्रमाणाबाहेर वाढलंय, एवढंच तो सांगतो.

आज हाच कोड आलेली मेव्हण्याची गाडी घेऊन बसलो. झाकण काढलं. टाकी उघडी, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा. स्कॅनरवर दाबाचा आकडा शून्याच्या आसपास हवा. पण सिग्नल ४.८ व्होल्टवरून हलेना. मग मागच्या सीटखालचा कनेक्टर सोडवला. तीन वायरी. एकीवर ५ व्होल्ट बरोबर, अर्थिंग ठीक, आणि कनेक्टर निघताच सिग्नल खाली आला. वायरिंग शाबूत; खोट सेन्सरमध्येच.

एवढ्याशा भागासाठी इतका आटापिटा का, मेव्हण्याने विचारलं. पेट्रोलची वाफ हवेत गेली की उन्हात ओझोन तयार व्हायला तिचा हातभार लागतो, आणि दमेकऱ्यांचे हाल होतात. म्हणून कॅलिफोर्नियाने २००० सालापासून टप्प्याटप्प्याने अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राची गळतीही गाडीने स्वतः ओळखावी, असा नियम केला. दिव्यावर काळी टेप चिकटवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

नवा सेन्सर शनिवारी येतोय. कोड पुसून लगेच तपासणीला पळायचं नाही, हे मेव्हण्याला बजावलंय. टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवून काही दिवस गाडी चालवायची, म्हणजे तिची स्वतःची चाचणी पुरी होते.