मुलांनी समान वाटून घ्यावे

आम्ही दोघे एकाच विषयाचे अध्यापक. संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूत शोधू नये, हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. विम्सॅट आणि बिअर्डस्ले यांचा १९४६ चा निबंध आणि रोलाँ बार्थचा १९६७ चा, हे दोन्ही आमच्या टिपणांत कायमचे मुक्कामाला आहेत. लेखकाचा मृत्यू हा शब्दप्रयोग फळ्यावर लिहिताना हात कधी अडखळला नव्हता. २०१७ साली नाना गेले, आणि त्यांच्या कपाटात फूलस्केप कागदावर लिहिलेली एक दीड पानी संहिता सापडली. तिचा लेखक खरोखरच मरण पावला होता, आणि आता त्याचा हेतू एवढीच एक गोष्ट महत्त्वाची उरली होती.

नाना म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे. गिरगावात त्यांचे पुस्तकबांधणीचे दुकान होते. गाळा पागडीचा. आई आधीच गेलेल्या. मागे तीन अपत्ये : दादा, ताई आणि आम्ही. मृत्युपत्र २०११ चे, स्वतःच्या हाताने लिहिलेले, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यातली तीन वाक्ये आम्हांला आज पाठ आहेत. 'डोंबिवलीची जागा व बँकेतील शिल्लक मुलांनी समान वाटून घ्यावे. दुकान व त्यातील सर्व सामान कारागिराचे समजावे. कोणाच्या लग्नात किती खर्च झाला याचा हिशेब मुलांनी काढू नये.'

दादाने पहिल्याच रविवारी विषय काढला. "नाना मुलं म्हणायचे तेव्हा आपण दोघंच. ताईला मुलगीच म्हणायचे." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही दोघं मराठीचे प्राध्यापक. तुम्हीच लिहून द्या ना, मुलं म्हणजे मुलगे."

व्याकरण सरळ आहे, निदान पुस्तकात. 'मुलगा'चे अनेकवचन 'मुलगे', त्याचे सामान्यरूप 'मुलग्यां'. 'मूल'चे अनेकवचन 'मुले', सामान्यरूप 'मुलां'. तेव्हा 'मुलांनी' हे नपुंसकलिंगी 'मूल'चे रूप, आणि त्यात ताई आली. पण आम्ही स्वतः काय बोलतो? पन्नास मुलामुलींच्या वर्गात शिरताना 'मुलांनो' म्हणतो, तेव्हा सगळे बाके दप्तरे आवरतात. त्याच तासाला 'मुलांनी या बाजूला बसा, मुलींनी त्या' असेही म्हणतो, आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. एकच शब्द, एकच वक्ता, एकच तास. दादाचे म्हणणे भाषेच्या दृष्टीने अगदीच पोकळ नव्हते, ही गोष्ट आम्हांला सोयीची होती.

सोयीची, कारण दादाचा अर्थ खरा ठरला तर आमचा वाटा एक तृतीयांशाऐवजी निम्मा होणार होता. त्या रात्री आम्ही गृहकर्जाच्या पासबुकावर पेन्सिलीने तो फरक मांडून पाहिला. दादाला आम्ही 'नाही' म्हटले नाही. 'पाहू' म्हटले, आणि चार महिने पाहत राहिलो.

ताईचा फोन मध्येच एकदा आला. "हक्कसोड हवं असेल तर तसं सांगा रे, मी येऊन सही करते. कोर्टात नको." तिच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते. आमच्यापैकी एकीने २००९ साली माहेरी असल्याच कागदावर सही केली होती. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अर्धा दिवस, परतताना भावाने दिलेली साडी, आणि घरी आल्यावर 'कशाला उगाच वाईटपणा' हे स्वतःच दिलेले स्पष्टीकरण. ती साडी अजून घडी न मोडता ठेवलेली आहे. ताईच्या फोननंतर त्या साडीबद्दल आम्ही दोघे प्रथमच बोललो.

वकिलांकडे गेलो ते त्यानंतर. वृद्ध गृहस्थ, अशील साहित्याचे आहेत म्हणून थोडे खुशीत. त्यांनी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा पुढे ओढला आणि आम्हांला काही कलमे वाचायला लावली. कलम ७४ : मृत्युपत्राला पारिभाषिक शब्दांची गरज नाही, लिहिणाऱ्याचा हेतू कळला की पुरे. कलम ७५ : एखाद्या शब्दाने कोणती व्यक्ती सूचित होते हे ठरवताना न्यायालयाने लिहिणाऱ्याची आणि त्याच्या कुटुंबाची परिस्थिती तपासावी. कलम ८२ : एका वाक्याचा अर्थ संपूर्ण मृत्युपत्रातून काढावा. कलम ८८ : दोन भाग परस्परविरोधी असतील तर शेवटचा ग्राह्य. आम्ही थक्क झालो. अन्वयार्थाची इतकी नेमकी नियमावली आमच्या एम.ए.च्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेला पुरली असती. इंग्लंडच्या न्यायालयांत, ते म्हणाले, जुना दंडक असा की न्यायाधीशाने मृताच्या आरामखुर्चीत बसून वाचावे. नानांकडे आरामखुर्ची नव्हती, पुस्तके शिवायला बसायचा पाट होता.

मग त्यांनी कायद्याची दुसरी बाजू दाखवली, आणि ती अधिक बोचणारी होती. नाना मृत्युपत्र न करता गेले असते तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगे आणि मुलगी यांना आपोआप सारखा वाटा मिळाला असता. संदिग्धतेमुळे ते वाक्य रद्द ठरले असते तरी तेच. म्हणजे ताईला वगळण्याची शक्यता जगात फक्त एका जागी होती : आमच्या वाचनात.

प्रक्रियेबद्दल थोडक्यात. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते आणि त्याला मुद्रांकही लागत नाही. दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही दोघांनी पाहिलेली, निदान त्याने ती त्यांच्यापाशी मान्य केलेली, असावी लागते. आमच्या दोघांपैकी एक वारले होते, दुसऱ्यांनी प्रतिज्ञापत्र दिले. कागद मुंबईत झालेला, म्हणून त्या काळी कलम २१३ प्रमाणे उच्च न्यायालयात गेल्याशिवाय त्यावर हक्क सांगता येत नव्हता. (डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलमच वगळले. पण वाद असेल तर न्यायालयाची पायरी चुकत नाही.) नानांनी व्यवस्थापक नेमलेला नव्हता, त्यामुळे प्रोबेट नव्हे, तर मृत्युपत्र जोडलेले 'लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' मागायचे. दादाने कॅव्हेट लावून हरकत घेतली असती तर त्या अर्जाचाच दावा झाला असता. शिवाय हे न्यायालय मृत्युपत्र अस्सल की नाही एवढेच पाहते. 'मुलांनी' म्हणजे कोण, यासाठी वेगळे भांडण. वकिलांनी वर्षांचा अंदाज बोटांवर मोजून दाखवला, एका हाताची बोटे पुरली नाहीत.

बँकेच्या खात्यावर दादा नॉमिनी होता आणि तेवढे तरी आपले, असे त्याला वाटत होते. नॉमिनी हा मालक नव्हे, पैसे स्वीकारणारा विश्वस्त. विम्यापुरते सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितले होते. शेअर आणि म्युच्युअल फंडांपुरते ते डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट झाले, आणि तो खटला 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला होता. घरोघरी भिंतीवर ज्यांचा कागद टांगलेला, त्यांच्याही कागदांचा अर्थ लावायला दहा वर्षे लागली.

शेवटी आम्ही कलम ८२ प्रमाणे वाचायला बसलो. तिसरे वाक्य पुन्हा पाहिले : लग्नाच्या खर्चाचा हिशेब मुलांनी काढू नये. आमच्या घरात लग्नाचा खर्च म्हणून जो काही बोलला गेला, तो ताईच्या लग्नाचा. आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केले, दादाचे मुलीकडच्यांनी लावून दिले. ताई 'मुलां'त नसती तर नानांना हे वाक्य लिहायचे कारणच नव्हते. पुरावा मग कारागिराने आणून दिला. दुकानातल्या नानांच्या चोपड्यांत दर जूनला एक नोंद होती, 'मुलांची फी', आणि खाली तीन नावे. ताईचे मधले.

दादाला आम्ही चोपडी दाखवली आणि लिहून दिले ते एवढेच, की 'मुलांनी' म्हणजे तिघांनी. तो बराच वेळ पाने उलटत बसला. आपली फी कोणत्या वर्षी उशिरा भरली तेवढे त्याने शोधून काढले. संमतीच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली, पण ताईशी पुढे वर्षभर तुटकच राहिला.

दुसऱ्या वाक्याचे मात्र काही जमले नाही. पागडीचा हक्क मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवलेले आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे गाळा, मालकाबरोबर धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला जातो, आणि तसा कोणी नसेल तर वारसांपैकी एकाला. तीस वर्षे नानांच्या शेजारी बसून शिवणारा माणूस कायद्याच्या अर्थाने कुटुंबीय नव्हता. त्याला तिथे बसवावे तर तो पोटभाडेकरू. हेतू स्वच्छ, भाषा स्वच्छ, आणि तरी वाक्य निष्फळ. आम्ही गाळा घरमालकाला परत केला. मोबदल्याचे तीन नव्हे, चार भाग करावेत, हे सुचवले दादाने.

कागद कापायचे यंत्र आणि लोखंडी प्रेस कारागिराने हातगाडीवर घालून नेले. लालबागला एका ओळखीच्याच्या छापखान्यात त्याला भिंतीलगतची जागा मिळाली आहे. फीची चोपडी शिवणीतून सुटली होती, ती त्याने तिथेच नवे पुठ्ठे घालून बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. चोपडी आता ताईकडे असते.