जुनेर

आई गेल्यावर तिच्या सुती साड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. मामी म्हणाली, "गोधडी शीव. तुला जमेल, तू तर हातांची डॉक्टर!" ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे हातांचा डॉक्टर नव्हे, हे घरच्यांना समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय :)

तर एका रविवारी साड्या पसरल्या आणि पहिला उद्योग काय केला, तर विरलेला भाग कापायला घेतला. मामीने कात्रीच काढून घेतली. "अगं, जुनेर मऊ असतं, सुई त्यातूनच सरळ जाते. भोक असेल तिथे ठिगळ लाव आणि धावदोरा पुढे ने."

आमच्या व्यवसायाची संघटना अमेरिकेत १९१७ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, विल्यम रश डंटन हे मनोविकारतज्ज्ञ, यांना गोधड्यांचं वेड होतं. १९४६ मध्ये त्यांनी जुन्या गोधड्यांवर चक्क पुस्तक काढलं. आपल्याकडे कमलाताई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये हे शिक्षण सुरू केलं. परीक्षेसाठी हे सगळं पाठ केलं होतं. कळलं मात्र मामीकडून.

कारण दुसऱ्याच दिवशी एक काका आले. पक्षाघाताला आठ महिने झालेले, उजवा हात अधू. मी त्यांच्याकडून फळीत खुंट्या बसवून घ्यायचे. ते दर वेळी विचारायचे, "हात पूर्वीसारखा होईल ना?" आणि मी दर वेळी, "करत राहा काका" म्हणून टोलवायचे. त्या दिवशी खरं सांगितलं. "पूर्वीसारखा बहुतेक होणार नाही. पण या हाताकडून तुम्हाला काय काय करून हवंय, ते सांगा."

काका काही न बोलता उठले. पुढचे दोन आठवडे आलेच नाहीत. फोन केला तर काकू म्हणाल्या, "त्यांची इच्छा नाही." रात्री गोधडी घेऊन बसायचे, पण टाके वाकडे जायचे. खरं बोलून मी चूक तर नाही ना केली?

तिसऱ्या आठवड्यात आले. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "सकाळचा चहा मी करायचो. चाळीस वर्षं. आता ती करते, मला बघवत नाही."

खुंट्यांची फळी कपाटात गेली. ओट्यावर पातेल्याखाली ओला फडका, म्हणजे ते सरकत नाही. साखरेला सैल झाकणाचा डबा. डाव्या हाताने ओतायचं, उजव्याने कप नुसता धरून ठेवायचा. ठिगळंच की ही!

पहिल्या दिवशी निम्मा चहा बशीत सांडला म्हणे. काकूंनी तो बशीतूनच प्यायला.

गोधडी अजून अर्धीच झालीय. आईच्या त्या निळ्या साडीला मध्यभागी मोठं भोक आहे. तिथे काय लावायचं, ते ठरत नाहीये. पण कात्री मामीकडेच आहे.

असो.