साल्हेरची उतरण आणि हातातली काठी

इच्छापोरला चढ म्हणजे एकतर तापीवरच्या पुलाचा, नाहीतर लिफ्ट बंद पडली की जिन्याचा. हजीऱ्याकडे निघालं तर थेट समुद्रापर्यंत जमीन सपाटच. त्यात आमच्यासारखे दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणारे. आमच्या गुडघ्यांना डोंगराची सवय असणार कुठून? तरी पावसाळा सरला की ग्रुपवर साल्हेरचा विषय निघतोच, आणि त्याबरोबर नेहमीचा वादही: ट्रेकिंग पोल घ्यायचे की नाही? एक जण म्हणतो, "मावळे काय पोल घेऊन चढले होते?" दुसऱ्यानं तोवर ऑनलाइन ऑर्डर टाकलेली असते.

सुरतकरांना साल्हेर तसा जवळचा. डांगच्या हद्दीला लागून, नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात तो उभा आहे. उंची १५६७ मीटर. शिखरांमध्ये कळसूबाईनंतर त्याचा नंबर, पण महाराष्ट्रातल्या किल्ल्यांमध्ये सर्वांत उंच हाच. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांनी सुरतेवर दुसरी स्वारी केली. त्यानंतर काही महिन्यांतच, १६७१ च्या सुरुवातीला, साल्हेर स्वराज्यात आला. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे.

पोलचा वाद मिटवायलाही हाच गड चांगला, कारण इथे सगळ्या प्रकारची वाट भेटते. वाघांबे गावातून निघालं की आधी साल्हेर आणि सालोटा यांच्यामधली खिंड गाठायची. ही पायवाट मातीची आणि मुरमाची. इथे पोल कामाला येतो. चढताना दम कमी लागतो असं मात्र नाही. हात आणि खांदेही राबत असल्यामुळे शरीराची एकूण मेहनत फारशी घटत नाही, फक्त ती वाटली जाते आणि चालण्याला एक लय येते.

खिंडीच्या वर कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे लागतात. इथे पोल मिटवून सॅकला बांधायचे. पायरीला, भिंतीला हात लावायचा तर हात मोकळा हवा. मनगटात पट्टा अडकवून कातळ चढणं तर धोक्याचंच, कारण तोल गेला तर हात पटकन सुटत नाही. हरिहरच्या पायऱ्यांवर बोटं रोवायला खोबणी आहेत, कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत. तिथेही हाच नियम. सह्याद्रीच्या गडांवर पोलचा उपयोग मर्यादित का, याचं उत्तर इथे मिळतं. परदेशी व्हिडिओतली वाट वेगळी आणि आपली वेगळी.

पठारावर गंगासागर तलाव लागतो, आणि शेवटच्या टेकाडावर परशुरामाचं मंदिर. तिथवर पोहोचलो की आपण गड जिंकला असं वाटतं. पण गुडघ्यांची परीक्षा त्यानंतर सुरू होते. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचं वजन वरून खाली येतं आणि मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला ब्रेक लावावा लागतो. साल्झबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये २५ अंशांच्या उतारावर मोजणी केली होती. दोन पोल वापरल्यावर गुडघ्यावरचा भार साधारण १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरला. हा अभ्यास मोजक्याच लोकांवर झाला होता, पण मुरमाच्या घसाऱ्यावर माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना रेलिंग न धरता उतरता येतो.

अर्थात पोल नुसता हातात असून भागत नाही. सपाटीवर कोपर काटकोनात राहील इतकी लांबी ठेवायची. चढताना पाच-दहा सेंटिमीटर कमी, उतरताना तेवढीच जास्त. उतरताना आधी पोल खाली टेकवायचा, मग पाऊल. कातळावर रबरी टोपण, मातीत उघडं टोक. आणि सोप्या वाटेवर तो मिटवूनच ठेवावा. सतत आधार घेतला की स्वतःचा तोल सांभाळायची सवय मोडते, असं गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची वैद्यकीय समितीही सांगते.

आता खरी गोष्ट. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आई-बाबांना एकदा तरी गिरनारला दत्ताच्या पादुकांचं दर्शन घ्यायचं असतं. ऑक्टोबर २०२० पासून अंबाजीपर्यंत रोपवे आहे, पण सुमारे दहा हजार पायऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या त्याच्या पुढे उरतात, आणि त्यातही चढ-उतार आहेतच. भवनाथ तळेटीला काठ्या भाड्यानं मिळतात. तरी कितीतरी काका-काकू त्या घेत नाहीत, "मी काय म्हातारी झाले का?" म्हणून. मग परतीच्या पायऱ्यांवर गुडघे बोलायला लागतात आणि पुढच्या वर्षी "आता नको बाबा" ऐकू येतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच: काठी आधी आपण घ्यावी. मुलगा किंवा सून हातात पोल घेऊन उतरताना दिसली की आईला काठीची लाज वाटत नाही. महागडा कार्बनचा पोल नको, अॅल्युमिनियमची साधी जोडी दोघांत एक-एक पुरते. निघण्याआधी आठ-पंधरा दिवस सोसायटीच्या जिन्यावर आईबरोबर उतरायचा सराव करा. आधी काठी, मग पाऊल.