आधी ब्रेक, मग रंग

मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाटच्या नावाने सुरू झालेल्या या गाडीला 1974 पासून ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. आमच्या पांढरकवड्यात तिची एक बहीण अजून चालते. ती अब्बांची, 1987 सालची.

अब्बांच्या पश्चात वाटण्या झाल्या, तेव्हा गाडी कुणालाच नको होती. धाकट्याने भंगारवाल्याकडून भावही काढून आणला. अम्मी एवढेच म्हणाल्या, “विकायची तर विका बेटा, पण आधी एकदा हिच्यातून आदिलाबादला माझ्या माहेरी नेऊन आणा.” आदिलाबाद काही फार लांब नाही, पण नागपूर-हैदराबाद महामार्गावर ट्रकच्या रांगेत अशी गाडी न्यायची कशी?

मुलगी तेव्हा बारावीला होती. म्हणून आम्ही घरात दोन गोष्टी ठरवल्या. तिच्या फीच्या पैशाला हात लावायचा नाही आणि व्याजाने पैसा आणायचा नाही. महिन्याला 3,000 रुपये बाजूला काढायचे, तेवढ्यात बसेल तेच काम करायचे. पुतण्यांना नवी चमकदार चाके आणि मोठे स्पीकर हवे होते. मिस्त्री म्हणाले, “सर, रंगबिंग मागून पाहू. आधी गाडी थांबली पाहिजे.”

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. सिलिंडरमधले रबर कडक झाले की तेल झिरपते आणि पेडल खाली जाते. रबरी किट, लायनर आणि नवे ब्रेक ऑइल यात पहिले काही महिने गेले. हे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून गाडी उभी असली तरी ते बदलावे लागते.

मग पेट्रोलचे पाईप. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने लवकर खराब होते. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण. पाईप स्वस्त आहेत, तेही बदलले. विदर्भाचा उन्हाळा पाहून रेडिएटर साफ करून घेतला. दिवे मंद होते, कारण वीज जुन्या स्विचमधून वळसा घालून येत होती. रिले बसवून ती थेट बॅटरीतून दिली, अर्थिंगची टोके घासली. दिवे बदलावेच लागले नाहीत.

अम्मी आदिलाबादला जाऊन आल्या. वाटेत पाटणबोरीला चहा झाला. मामूंनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि दाराचा गंज दाखवला. तो अजून तसाच आहे. रंगकामाचा खर्च ऐकून आम्ही तो पुढच्या वर्षावर ढकलला.

आपल्या अंगणात अशी गाडी असेल, तर वाचकांना एकच सांगणे आहे. खर्चाआधी कागद पाहा. 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. तपासणी, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी हे सगळे बजेटमध्ये धरा. ते झेपत नसेल, तर गाडी विकण्यात कमीपणा नाही. झेपत असेल, तर आठवड्यातून एकदा तरी चालवा, उभी गाडी लवकर सडते. आमच्याकडे हे काम आता धाकट्याकडे आहे. दर जुम्याला तोच अम्मींना बाजारात नेतो आणि भंगाराच्या भावाचा विषय काढत नाही.