निरंक

भाषांतर हा माझा पोटापाण्याचा उद्योग. बी. ए. होऊन दिल्लीतील एका सरकारी कचेरीत रुजू झालो, तेव्हापासून शेतीवरील लेख, बालसंगोपनाच्या सूचना, मंत्र्यांची भाषणे, जे टेबलावर येईल ते मराठीत आणीत आलो आहे. मूळ मजकूर परक्याचा असतो आणि त्यातील सुखदुःखही परक्याचेच. शब्दाला शब्द सापडला की आपले कर्तव्य संपले, अशी एक सोयीस्कर अलिप्तता या धंद्यात अंगी बाणते. २०१८ साली माझ्याकडे जो कागद आला, त्याने ही अलिप्तता पार मोडून टाकली.

तो एक पंचनामा होता. माझे थोरले बंधू इंदूरला शिक्षक आहेत. नाशिकचे लग्न आटोपून दादा, वहिनी व आई भाड्याच्या जीपने मुंबई-आग्रा रस्त्याने परतत होती. पळासनेर मागे पडले, बिजासन घाटाची चढण लागली आणि समोरून उतरणारा मालट्रक वळणावर आवरला नाही. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड पुष्कळ चालकांना असते. मग सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो. जीपची उजवी बाजू चेपली. त्या बाजूच्या खिडकीशी वहिनी बसल्या होत्या. उजव्या दंडाचे हाड मोडले आणि हाडालगतची नस दुखावली. हाड पुढे सांधले. मनगट मात्र लटकेच राहिले.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे भरपाईचा दावा अपघात जेथे घडला तेथेच लावावा लागत नाही. अर्जदार राहतो तेथील न्यायाधिकरणातही तो लावता येतो. म्हणून दावा इंदूरला दाखल झाला. पोलिसांचे कागद महाराष्ट्रातले, मराठीतले, आणि कामकाज हिंदीत. वकिलांनी जाणत्या माणसाकडून भाषांतर करून आणण्यास सांगितले, आणि घरात जाणता मीच होतो.

‘हयगयीने व भरधाव वेगाने’ याचे ‘लापरवाही एवं तेज गति से’ करताना माझा हात कापला. ‘जीपमध्ये उजव्या बाजूस रक्ताचे डाग’ हे वाक्य मी तीन वेळा लिहिले व तीन वेळा खोडले. अखेर जखमींच्या तपशिलाशी आलो. वहिनींच्या नावापुढे लिहिले होते : वय ४२, व्यवसाय घरकाम, उत्पन्न निरंक. निरंक हा शब्द मध्यप्रदेशच्या सरकारी हिंदीतही जसाच्या तसा चालतो. साऱ्या पंचनाम्यात भाषांतर करावे न लागलेला तो एकच शब्द!

उलटतपासणीच्या दिवशी मी रजा काढून गेलो होतो. विमा कंपनीच्या वकिलांनी फार सौम्यपणे विचारले, “आप घर पर क्या करती हैं?” वहिनी म्हणाल्या, “कुछ नहीं. घर पर ही रहती हूँ.”

पहाटे पाचला उठून पाच माणसांचा स्वयंपाक करणारी, आईला दोन वेळा इन्सुलिन टोचणारी, दोन्ही मुलांचे गणित घेणारी ही बी. एस्सी. झालेली बाई शपथेवर सांगत होती की मी काही करीत नाही. वकील तेवढ्यावरच खाली बसले. त्यांना जे हवे होते ते मिळाले होते : उत्पन्नच नाही, तर उत्पन्नाची हानी कसली?

घरी आल्यावर मी रागावलो. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, खोटे काय सांगितले? आता करते तरी काय मी?” त्या दिवसांत त्या सर्वांची जेवणे झाल्यावर एकट्याच ताट घेऊन बसत. डाव्या हाताने घास घेताना कोणी पाहू नये, एवढ्यासाठी.

पुढे टाळेबंदीत वर्ष गेले. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. दिल्लीतील अपघातात मृत्यू पावलेल्या एका दांपत्याचे ते प्रकरण होते. गृहिणीच्या श्रमाला काल्पनिक उत्पन्न धरून मूल्य द्यावे आणि भावी वाढही त्यात मिळवावी, असे न्यायालयाने म्हटले. त्यात २०११ च्या जनगणनेचा आकडा आहे : घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १५ कोटी ९८ लाख, आणि पुरुष अवघे ५८ लाख. २०१० च्या आणखी एका निकालात, गृहिणींना भिकारी व कैदी यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसविणाऱ्या २००१ च्या जनगणनेवर न्यायमूर्तींनी कडक ताशेरे ओढले होते.

विमा कंपनीचे वकील म्हणाले, हे सारे मृतांबद्दल आहे. अर्जदार तर हयात आहेत. तेव्हा आमच्या वकिलांनी २०१० चा एक निकाल काढला. अवयव किती टक्के निकामी झाला एवढ्यावर न थांबता, त्या माणसाच्या कामाचे किती नुकसान झाले हे पाहावे, असे तो सांगतो. डावा हात गेला तर सुताराचे सर्वस्व जाते. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. मी खाली पाहिले. टेबलाशी बसून शब्द जुळविणाऱ्याचे मनगट आणि पोळी लाटणाऱ्याचे मनगट यांतला फरक मला इतक्या स्पष्टपणे कोणी सांगितला नव्हता.

वर्षअखेरीस निवाडा झाला. महिना ८,००० रुपये, भावी वाढ २५ टक्के, अपंगत्व ३० टक्के, बेचाळीस वयाला गुणक १४. म्हणजे ५ लाख ४ हजार. औषधोपचार, वेदना व व्याज निराळे. रक्कम थोडी म्हणावी की पुष्कळ, यावर दादाचे व माझे अजून एकमत नाही.

बरीचशी रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश होता, म्हणून मी वहिनींबरोबर बँकेत गेलो. हात पाहून कारकून म्हणाला, अंगठा चालेल. त्यांनी ते मानले नाही. डाव्या हाताने त्या फॉर्म भरू लागल्या. अक्षरे पहिलीतल्या मुलासारखी वाकडीतिकडी येत होती. व्यवसाय : गृहिणी. पुढचा रकाना वार्षिक उत्पन्नाचा होता. तेथे त्यांची लेखणी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओठांतल्या ओठांत बारांचा गुणाकार केला आणि सावकाश लिहिले : ९६,०००.

कारकुनाने चष्म्यावरून पाहत पुरावा मागितला. निवाड्याची प्रत माझ्या पिशवीत होतीच.