वादळाचा डोळा

वाऱ्याविषयीं मला लहानपणापासून ममत्व. उन्हाळ्यांत पडवींतल्या झोपाळ्यावर बसून माडांची सळसळ ऐकणें हें माझ्या सुखांच्या यादींत फार वरचें सुख. त्यामुळें ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येणार असें कळलें, तेव्हां करोनामुळें श्रीवर्धनजवळच्या आमच्या जुन्या घरीं अडकून पडलेल्या मला भीतीपेक्षां कुतूहलच अधिक वाटलें, हें कबूल केलेलें बरें.

सकाळीं मीं घरच्या मंडळींना वादळाचें शास्त्र समजावून दिलें. वारा मध्याभोंवतीं घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरतो. म्हणून वादळ समुद्रावरून येत असलें तरी पहिला मारा डोंगराच्या बाजूनें होईल. मध्य, म्हणजे वादळाचा डोळा, माथ्यावर आला कीं सारें शांत होईल, आणि मग वारा उलटून समुद्राकडून येईल. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो, हेंहि सांगावयास मी विसरलों नाहीं. काकूंनीं शांतपणें ऐकून घेतलें, खिडक्यांना आंतून फळ्या ठोकविल्या, गुरांचीं दावीं सोडविलीं, पिण्याचें पाणी भरलें आणि सर्वांना माजघरांत बसविलें. ज्या खोलीच्या एकाहि भिंतीला बाहेरचा वारा लागत नाहीं, अशी तेवढी एकच खोली घरांत होती.

दुपारीं तें आलें. ताशीं १०० ते ११० किलोमीटर हा आकडा मीं नंतर वाचला. माजघरांत ऐकूं येत होता तो कौलें उडाल्याचा खडखडाट आणि सुपाऱ्या मोडल्याचे कडाके. सुपारी वाकते, आणखी वाकते, आणि एकदम मधेंच मोडते. तो आवाज ज्यानें ऐकला त्याला तो दुसऱ्या कशासारखा वाटत नाहीं.

मग एकाएकीं वारा पडला. वळचणीचें पाणी ठिबकतांना ऐकूं येऊं लागलें. "संपलें एकदांचें!" असें म्हणून मीं दार उघडलें.

"अरे, सकाळीं तूंच सांगितलेंस ना?" काकू म्हणाल्या.

"वाडी पाहून आलोंच, काकू."

आमचा गडी माझ्यामागून निघाला. त्याला वाडी पाहावयाची नव्हती. घरच्या माणसाला एकटें कसें जाऊं द्यावें, एवढाच त्याचा विचार. मी पडलेल्या सुपाऱ्या मोजूं लागलों. बाविसापर्यंत मोजल्याचें आठवतें. तों समुद्राच्या अंगानें घरघर ऐकूं आली, आणि आम्ही वळतों न वळतों इतक्यांत गोठ्यावरचा पत्रा सुटून त्याच्या उजव्या दंडावर आदळला. त्याला ओढत माजघरांत आणलें तेव्हां काकूंनीं जुनें लुगडें फाडून जखम बांधली. मला त्या एक शब्दहि बोलल्या नाहींत.

रस्त्यावर झाडें आडवीं, फोन मुका, वीज कित्येक दिवस नाहीं. डॉक्टर भेटला तो तिसऱ्या दिवशीं. हाड जुळलें, पण वाकडें.

पुढच्या पावसाळ्यांत त्यानेंच नवीं रोपें लावलीं. सुपारी धरावयास सहा-सात वर्षें लागतात. परवां गेलों तेव्हां वादळांतून वांचलेल्या जुन्या झाडांची काढणी चालली होती. तो खालीं उभा राहून शिंपुटें झेलीत होता. वर त्याचा मुलगा चढला होता.